औदार्याने बरकत येते काय?

गेल्या सुगीच्या उपासनेनंतर एक तरुण बंधू आम्हांस भेटावयास आला. त्याचे नाव व गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आमच्या मंडळ्यांत त्याच्यासारखे तरुण पुष्कळ आहेत. बापाने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात रोजंदारी केली. मुलगा बारावीपर्यंत शिकला आणि बायकोचे दोन दागिने मोडून व बचत गटातून कर्ज काढून त्याने गावात किराणा मालाचे दुकान घातले. त्या गावी आमच्या लोकांपैकी दुकान घालणारा तो पहिलाच. त्यामुळे ते दुकान त्याच्या एकट्याचे राहिले नव्हते. साऱ्या वस्तीस त्याचा अभिमान होता. तो आमच्यापुढे बसला, थोडा वेळ खाली पाहत राहिला आणि मग म्हणाला, "पाळकसाहेब, देवाने मला फसविले की मी देवाला फसविले, एवढेच मला सांगा."

हकीकत अशी होती. मोबाइलवर कोणा प्रचारकाचे भाषण त्याने ऐकले. त्यात असे ठासून सांगितले होते की, जो मनुष्य आपल्या मिळकतीचा दशांश बिनचूक देतो त्याचा धंदा देव दुप्पट करतो. आणि ज्याचा धंदा वाढत नाही त्याच्या देण्यात काही तरी कसूर असली पाहिजे. आमच्या ह्या बंधूने ते मनावर घेतले. दोन वर्षे त्याने दर शनिवारी गल्ला मोजला आणि त्याचा दहावा हिस्सा बाजूस काढला. त्यातील काही मंडळीस दिला, काही त्या प्रचारकाकडे पाठविला. शिवाय गावात कोणी उधार मागितले तर त्याने कधी नाही म्हटले नाही, कारण हेही एक देणेच आहे असे त्यास वाटे. दोन वर्षांनी स्थिती अशी झाली की, तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याने माल देणे थांबविले, बचत गटाचे हप्ते थकले आणि दुकानातील निम्म्या फळ्या रिकाम्या पडल्या.

त्या दिवशी आम्ही त्यास नीट उत्तर देऊ शकलो नाही, हे कबूल केले पाहिजे. आम्ही त्याच्याबरोबर प्रार्थना केली व धीर धर म्हणून सांगितले. परंतु धीर धर हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांस दिसले. पुढे पुष्कळ दिवस तो प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. जे तेव्हा सुचावयास पाहिजे होते ते आता येथे मांडीत आहो. कारण असाच कोणी आज ना उद्या आमच्या उपदेशक बंधूंच्या ओसरीवर येऊन बसेल.

प्रश्न असा आहे. औदार्याने मनुष्याचा स्वतःचा उत्कर्ष होतो काय? त्याची शेती, त्याचा धंदा, त्याचे नाव पुढे जाते काय? आणि जात असेल, तर त्या लाभावर नजर ठेवून जे दिले त्यास औदार्य म्हणावे काय?

पहिल्या प्रश्नास होय म्हणावयास आम्ही कचरत नाही. काही सत्पुरुषांस दान आणि नफा यांचे नाव एका दमात घेतलेले खपत नाही. परंतु जो खेड्यात वाढला त्यास हे सोवळे फार दिवस पाळता येत नाही. सावड म्हणजे काय हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्याच्या दावणीला एकच बैल तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी जोड करतो, आणि आज तुझे रान, उद्या माझे, असे दोघांचे काम निघते. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची सावड कमी झाली. खुरपणीची व कापणीची सावड मात्र पुष्कळ गावांत अजून चालते. इर्जिक निराळी. एखाद्याचा बैल मेला, घरचा कर्ता आजारी पडला, आणि जमिनीचा वाफसा तर निघून चालला, अशा वेळी दहा-वीस घरचे लोक आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत व एका दिवसात सारे काम उरकून देत. त्याने त्यांस फक्त जेवण घालावयाचे. सावडीत हिशेब असतो. कोणाचे किती दिवस झाले हे दोन्ही घरच्या बायकांस तोंडपाठ असते. इर्जिकीत हिशेब नाही. तथापि जो इतरांच्या इर्जिकीस नेहमी गेला त्याच्या घरी संकट आले म्हणजे गाव धावून येते, आणि जो कधी गेला नाही त्याचे रान पडीक राहते, हे जाणारा प्रत्येकजण जाणतो. तो हे जाणतो, पण त्यासाठी जात नाही. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची मेख येथेच आहे, आणि पुढे जे काही लिहावयाचे ते ह्या एका गोष्टीच्या आधाराने लिहिणार आहो.

औदार्यापासून लाभ होतो तो काही चमत्काराने होत नाही. त्याची वाट साध्या डोळ्यांस दिसते. काटा बरोबर झाल्यावर वर चिमूटभर टाकणारा दुकानदार वर्षाकाठी थोडी साखर गमावतो आणि गिऱ्हाईक जोडतो. (प्रभूने लूक ६:३८ मध्ये देण्याविषयी बोलताना दाखला घेतला तो धान्याच्या मापाचाच, हे बाजार करणाऱ्या बायाबापड्यांच्या ध्यानात चटकन येते, आम्हां शिकलेल्यांस ते टीकाग्रंथात वाचावे लागते.) आपल्याजवळची विद्या जो कारागीर लपवून ठेवीत नाही त्याच्या हाताखाली चांगली पोरे येतात. जो पाणी देतो त्यास वाट मिळते. ह्या सगळ्याचे मूळ एका शब्दात सांगावयाचे तर ते पत हे होय. पत विकत मिळत नाही, आणि तिच्यावाचून धंदा होत नाही.

ह्याचे एक ठळक उदाहरण आमच्याच प्रांतातले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावास लोखंडी नांगर करू लागले तेव्हा शेतकरी ते घेईनात. लोखंडाने जमीन नासते असा समज होता. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्या समयी, १९१० साली, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि भांडवलासही हात लावला. राजेसाहेबांचे संस्थान लहान व उत्पन्न बेताचे. ज्याचे नांगर खपण्याची मारामार अशा कारखानदारास जागा व पैसा देणे हे शहाणपणाचे आहे असे तेव्हा कोणी म्हटले नसते. परंतु त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आसपासच्या खेड्यांतील अडाणी पोरे तेथे ओतकाम व लोहारकाम शिकली, आणि औंधसारख्या लहानशा संस्थानाचे नाव देशभर झाले. लक्ष्मणरावांनीही मिळालेला हा विश्वास पुढे चालविला. शिक्षा भोगून आलेल्या ज्या माणसांस कोणी दारात उभे करीना, त्यांस त्यांनी कारखान्याच्या रखवालीस ठेविले. ज्यांच्यापासून चोरीची धास्ती त्यांच्याच हाती किल्ल्या. ह्यात दया होती की धूर्तपणा, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, लक्ष्मणरावांस विचारले असते तर तो प्रश्नच त्यांस चमत्कारिक वाटला असता.

आता दुसरे उदाहरण पाहा, ते दूरचे आहे. अमेरिकेत मोटारगाड्या करणारे हेन्री फोर्ड यांनी १९१४ च्या जानेवारीत आपल्या मजुरांचा रोज एकदम सुमारे दुप्पट केला. आठ तासांच्या दिवसास पाच डॉलर. जगभर त्यांच्या औदार्याचा गाजावाजा झाला. त्याच्या आदल्या वर्षाचा हिशेब मात्र असा होता की, सुमारे चौदा हजार माणसे कामावर टिकविण्यासाठी त्या कारखान्यास वर्षात बावन्न हजारांवर नवी माणसे घ्यावी लागली होती. कंटाळवाण्या कामास विटून माणसे येत तशी जात. रोज वाढविताच ही गळती थांबत आली आणि गाड्या अधिक व स्वस्त निघू लागल्या. फोर्ड यांनी पुढे स्वतःच लिहिले की, ह्यात दानधर्म काही नव्हता, आणि खर्च कमी करण्याची इतकी चांगली युक्ती आपणांस क्वचितच साधली. शिवाय तो रोज सर्वांस सरसकट नव्हता. मजूर घरी कसा राहतो, दारू पितो काय, पैसा शिल्लक टाकतो काय, हे पाहावयास कारखान्याची माणसे त्याच्या घरी जात, आणि त्यांच्या पसंतीस जो उतरेल त्यासच तो मिळे.

हे औदार्य नव्हे, ही सावड आहे. आणि मोठ्याची लहानाशी सावड म्हटली म्हणजे तीत थोडी दमदाटी आलीच. तथापि आम्ही फोर्ड यांस नावे ठेवीत नाही. चांगला रोज देणे चांगलेच. मजुराच्या पोरांच्या पोटात जी भाकर गेली ती मालकाच्या हेतूमुळे कमी भरली नाही. आणि हा व्यवहार आहे असे उघड म्हणणारा मालक, व्यवहारावर दानाची पाटी लावणाऱ्या मालकापेक्षा आम्हांस बरा वाटतो. सावड हे पाप नाही. सावडीस इर्जिक म्हणणे हे मात्र खोटे आहे, आणि गाव त्यास फसत नाही. आमदारकीच्या आधी जो वह्या वाटतो त्याच्या वह्या लोक घेतात. पण घेताना एकमेकांकडे पाहून हसतात, हे आपण पाहिले नाही काय? तो देतो ते वाया जाते, कारण त्याची नजर घेणाऱ्याच्या गरजेवर नसून घेणाऱ्याच्या हातातील मतावर आहे, आणि घेणाऱ्यास ते कळते. अशा रीतीने लाभासाठी दिलेले दान लाभही हातचा घालविते. औदार्याचे फळ त्यासच मिळते जो फळाकडे पाठ करून उभा राहतो. हा काही गूढ नियम नव्हे; माणसे माणसांस ओळखतात, इतकाच ह्याचा अर्थ.

येथे कोणी म्हणेल, मग आमचा दुकानदार बंधू बुडाला तो त्याचा हेतू मलिन होता म्हणून काय? असे म्हणणे फार सोपे आहे आणि फार निर्दय आहे. त्याला धंदा वाढावा असे वाटत होते, हे खरे. कोणास वाटत नाही? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने नफ्याची इच्छाच करू नये, हा उपदेश ज्याची पेन्शन ठरलेली आहे त्याने करावा. हेतू शंभर नंबरी शुद्ध झाल्यावरच द्यावे असे म्हटले तर कोणीच कोणास काही देणार नाही. इर्जिकीस जाणाऱ्याच्या मनातही कोपऱ्यात कोठे तरी उद्याची चिंता असतेच. ती तेथे असो, फक्त तिने औत हाती धरू नये. नाही, ह्या बंधूची चूक हेतूत नव्हती. ती हिशेबात होती, आणि ती आम्ही पाळकांनी त्यास कधी दाखविली नाही.

किराणा दुकानात दहा हजारांचा माल आणला तर तो दहा हजार आठशेंस विकला जातो असे धरू. साखर-तेलात तेवढेही सुटत नाही. नफा झाला आठशे रुपये. आमच्या बंधूने दशांश काढला तो गल्ल्याचा, म्हणजे एक हजार ऐंशी रुपये. दर दहा हजारांच्या मालामागे तो आपला सगळा नफा देऊन वर दोनशे ऐंशी रुपये आणखी देत होता. आणि विजेचे बिल, भाडे व घरचा खर्च त्याहून निराळा. हे दोनशे ऐंशी रुपये कोणाचे? ते घाऊक व्यापाऱ्याचे होते, बचत गटातील बायांचे होते. गल्ल्यात असलेला पैसा आपला नव्हे. त्यातला बहुतेक दुसऱ्याचा असून आपल्या हातातून फक्त जात असतो. शेतकऱ्यास हे सहज समजते, कारण बियाणे वेगळे काढल्यावाचून तो रास मोजीत नाही. दुकान ही आमच्या लोकांस नवी विद्या आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील त्या कारभाऱ्याचा दाखला येथे आठवतो. काम सुटणार असे दिसताच त्याने धन्याच्या ऋणकऱ्यांस बोलावून कोणाचे शंभर माप तेल पन्नास केले, कोणाचे शंभर माप गहू ऐंशी केले. हेतू हा की उद्या त्यांनी आपणांस घरात घ्यावे. पुष्कळ उपदेशक बंधू ह्या दाखल्यावर बोलणे टाळतात, आणि आम्हीही टाळले आहे. कारण धन्याने त्या लबाडाच्या शहाणपणाची वाखाणणी केली, त्याचे काय करावे हे कळत नाही. परंतु एवढे तर उघड आहे की, त्याने उदारपणा केला तो दुसऱ्याच्या तेलावर. कारभाऱ्याने हे जाणून केले, आमच्या बंधूने भाबडेपणाने केले. तेल मात्र दोन्ही ठिकाणी धन्याचेच गेले.

कोणाच्या पैशाचे औदार्य, हा प्रश्न थोरामोठ्यांसही लागू आहे. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई यांचा जन्म १७८३ चा. लहानपणीच आईबाप गेले. सोळाव्या वर्षी ते पहिल्याने चीनच्या सफरीस निघाले. १८०५ साली अशाच एका सफरीत त्यांचे जहाज फ्रेंचांनी धरले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक स्कॉटिश वैद्य होता. त्या संकटात जडलेला स्नेह पुढे मोठ्या व्यापाराचा पाया झाला. जमशेटजींनी अपार मिळविले आणि अपार दिले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीने १८४५ साली उघडले. माहीम व वांद्रे यांच्या मधल्या खाडीत पावसाळ्यात होड्या उलटून माणसे मरत, आणि सरकार खर्चास तयार होईना. तेव्हा त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये देऊन तेथे बांधाचा रस्ता करविला, आणि अट घातली की येणाऱ्याजाणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये. जमशेटजींस १८४२ साली सर हा किताब व १८५७ साली बॅरोनेटची पदवी मिळाली; हे दोन्ही मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. औदार्याने उत्कर्ष होतो, ह्यास याहून मोठा पुरावा कोणता?

परंतु त्या संपत्तीचा मोठा वाटा चीनमध्ये विकलेल्या अफूचा होता. ज्या १८४२ साली त्यांस पहिला किताब मिळाला त्याच साली पहिले अफूयुद्ध संपले. पारशी समाजाच्या एका थोर पुरुषाविषयी हे लिहिणे कोणास कटू वाटले तर आम्ही त्यास स्मरण देतो की, त्याच व्यापारात स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे इंग्रज व स्कॉटिश लोक पुढे होते, आणि तो जार्डिन त्यांत सर्वांच्या पुढे होता. त्या काळी हा धंदा कायद्याने इकडे निषिद्ध नव्हता. तथापि खाडीच्या रस्त्यावरून सुखरूप पार झालेली कोळीण आणि अफूपायी धुळीस मिळालेले चिनी घर, यांची वजाबाकी करून बाकी काढता येत नाही. रस्ता चांगलाच होता. तो आजही वाहतो आहे. अफूही वाईटच होती. आम्हांस ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवावी लागतात, आणि त्यांच्यामध्ये 'म्हणून' किंवा 'तरी' असे काही लिहिता येत नाही.

त्याच १७८३ साली विल्यम कोलगेट यांचा जन्म झाला. १८०६ साली न्यूयॉर्क शहरी त्यांनी साबण व मेणबत्त्यांचे दुकान घातले, आणि ज्यांचे नाव आज खेड्यातील प्रत्येक दुकानात दंतमंजनाच्या नळीवर दिसते ते हेच घराणे. कोलगेट आपल्या मिळकतीचा दशांश, व पुढे त्याहूनही अधिक, देत असत. ते भले गृहस्थ होते. दशांशावरील भाषणात त्यांचे नाव बहुधा येतेच. आमच्या त्या बंधूनेही ते ऐकलेच होते. आमचा आक्षेप त्यांच्यावर नाही, तो त्यांच्या गोष्टीच्या उपयोगावर आहे. लॉटरीच्या दुकानावर ज्यास बक्षीस लागले त्याचा फोटो लावतात. ज्यांस लागले नाही त्यांचे फोटो लावावयाचे म्हटले तर तालुक्याच्या भिंती पुरणार नाहीत. दशांश देऊन ज्यांचा साबणाचा धंदा बुडाला त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, आणि व्यासपीठावर त्यांस कोणी साक्ष द्यावयास बोलावीत नाही. आमच्या बंधूस तर असे वाटले की, असा बुडणारा जगात आपण एकटेच.

तो एकटा नाही, ह्यास एक अलीकडचा आधार आहे. अमेरिकेतील अॅडम ग्रँट नामक एका अध्यापकांनी २०१३ साली ह्या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. निरनिराळ्या धंद्यांतील माणसांची पाहणी करता असे दिसले की, इतरांस नेहमी मदत करणारे लोक यशाच्या शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर बहुत आढळतात. आणि सर्वांत वरच्या पायरीवरही तेच. मधल्या पायऱ्यांवर हिशेबी लोक असतात. बेल्जममधील वैद्यकीच्या विद्यार्थ्यांत असे आढळले की, दुसऱ्यास शिकविण्यात वेळ घालविणारे पहिल्या वर्षी गुणांत मागे पडले. पण पुढे रोग्यांशी व सोबत्यांशी मिळून काम करण्याची वेळ आली तेव्हा तेच पुढे निघून गेले. वर चढणारे आणि खाली राहणारे यांत फरक कोणता? खाली राहणारे जो मागेल त्यास, जेव्हा मागेल तेव्हा देत राहिले आणि त्यांचे स्वतःचे काम पडून राहिले. वर चढणारे देण्यात कमी नव्हते. पण काय द्यावे व काय राखावे ह्याचा विचार त्यांनी केला होता. आम्हांस हे वाचताना ती रिकामी फळी डोळ्यांपुढे दिसली. तिच्यावर माल असता तर तो बंधू गावास आणखी वीस वर्षे उपयोगी पडला असता.

राखावयाचे म्हणजे कोणाचे राखावयाचे, हे एका प्रसंगाने आम्ही शिकलो. तो सांगावयास संकोच वाटतो. एका मंडळीत सुगीच्या उपासनेस आम्ही पाहुणे होतो. उपासनेनंतर अर्पणांचा लिलाव झाला. एका बागाईतदार सभासदाने एका भोपळ्यास दोन हजार एक रुपयांची बोली दिली. टाळ्या झाल्या, आणि त्याने तो भोपळा तेथेच आम्हांस भेट दिला. आम्ही व्यासपीठावरून त्याच्या उदार अंतःकरणाची स्तुती केली. निघताना दाराशी एक म्हातारी बाई उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तेवढा भोपळा जपून न्या. त्यात माझी खुरपणी आहे." तिची व तिच्या सुनेची मजुरी दोन महिन्यांपासून त्या गृहस्थाकडे राहिली होती. भोपळा आमच्या पिशवीत होता. मजुरी अडवून ठेवण्याविषयी याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जे आहे त्यावर आम्ही अनेकदा उपदेश केला होता. पण त्या मजुरीचे वजन आमच्या हातास कधी लागले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गृहस्थास भेटलो. मजुरी त्या आठवड्यात दिली गेली. पुढे त्या मंडळीने आम्हांस पुन्हा बोलाविले नाही.

आता उपदेशक बंधूंस थोडे मोकळेपणी लिहितो. तुमचे व आमचे वेतन मंडळीच्या अर्पणांवर चालते. म्हणून 'द्या, म्हणजे दुप्पट मिळेल' हे बोलणे आपल्या तोंडी फार सोयीचे आहे, आणि जे सोयीचे आहे ते बोलताना जीभ जपली पाहिजे. दान द्यावयास जरूर सांगा. पण त्यावर व्याजाचा दर लावू नका. वर्गणीची यादी रकमांसह वाचून दाखविण्याची चाल असेल तर ती सोडा. सोडल्याने पहिल्या वर्षी रक्कम घटेल, आणि ती घट सोसा. दुकान, दूध, कोंबड्या असा धंदा करणाऱ्या सभासदाजवळ बसून त्याची वही पाहा. त्यास नफा व गल्ला यांतला फरक येत नसेल तर तो शिकवा, येत नसेल तर स्वतः शिका. देणेकऱ्याचे देणे, मजुराची मजुरी व घरच्यांची भाकर एवढे झाल्यावर जे उरले तेथून औदार्यास आरंभ होतो. मग ते एका दमडीचे का असेना. त्या दमडीच्या विधवेस प्रभूने कोणत्याही लाभाचे अभिवचन दिले नाही, हे आम्ही आमच्या उपदेशांत पुष्कळदा विसरतो.

आणि हेतूची परीक्षा पाहावयाचीच असेल तर लूक १४:१२-१४ मध्ये ती सांगितली आहे: जेवावयास कोणास बोलावितो? आमच्या दानांपैकी किती परत न करू शकणाऱ्यांकडे जातात? हा प्रश्न महिन्यातून एकदा स्वतःस विचारला म्हणजे पुरे; रोज विचारीत बसले तर मनुष्य देणे सोडून आपलेच अंतःकरण चाचपीत राहतो, आणि तोही एक स्वार्थच आहे.

त्या बंधूकडे आम्ही पुन्हा गेलो. ह्या खेपेस प्रार्थना शेवटी ठेविली व आधी वही उघडली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. उधारीची यादी काढली तेव्हा असे दिसले की, चाळीस घरांपैकी खरी अडलेली घरे सहा; बाकीच्यांनी उधार घेतले ते केवळ मिळते म्हणून. त्या सहा घरांची उधारी त्याने तशीच ठेविली व इतरांकडे मागावयास तो स्वतः गेला. काहींनी दिली, काहींनी तोंड फिरविले. घाऊक व्यापाऱ्याकडे आम्ही दोघे मिळून गेलो. व्यापारी थोडे रागावले, मग म्हणाले, बाकी दरमहा थोडी थोडी फेड आणि नवा माल रोखीने ने. दागिने परत आलेले नाहीत, आणि दुकान टिकेलच असे आम्ही सांगू शकत नाही. त्याच्या पहिल्या प्रश्नाला, देवाने फसविले की त्याने, आम्ही एवढेच म्हणालो की, देवाने तो सौदा केलाच नव्हता. तो दुसऱ्या कोणी देवाच्या नावाने केला होता. तो त्यावर काही बोलला नाही.

गेल्या महिन्याच्या अखेरीस त्याने पहिल्यानेच नफा काढला. हप्ता, भाडे, वीज व घरखर्च जाऊन एकशे नव्वद रुपये उरले. त्याने आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, आता ह्यातले द्यावयाचे किती?" आम्ही म्हणालो, "तूच सांग." त्याने पुन्हा एकदा वही पाहिली, वीस रुपयांची नोट वेगळी काढून खिशात ठेविली आणि म्हणाला, "कोणास द्यावयाचे ते मात्र विचारू नका. ते मला ठाऊक आहे."